उडवलेले पाच पॉइंट

२० जानेवारी, सोमवार

कॉरिडॉर, म्हणजे रस्त्याचं कंप्युटरमधलं मॉडेल, आजारी आहे. साक्रीकडचा नऊ किलोमीटरचा रस्ता, पडद्यावर सगळा ठीक, आणि मध्येच बाजूचे उतार थेट पाताळात. दिवसभर नुसती झटापट. असेंब्ली तपासली, टार्गेट तपासले, सरफेस, म्हणजे पॉइंट जोडून बनलेली जमीन, दोनदा नव्याने केला. चारच्या सुमारास सापडलं. सर्व्हेच्या फाइलमध्ये काही पॉइंटची उंची चक्क शून्य. धुळे जिल्ह्यात समुद्र! यंत्रानेच घोळ घातला असणार. सगळे शून्यवाले उडवले, मॉडेल पुन्हा बांधलं, रस्ता जमिनीवर गपगुमान बसला. सर म्हणाले, "वैशाली, तू या सॉफ्टवेअरची डॉक्टर आहेस." फुगले जरा. फुगू दे, रोज कोण म्हणतं.

२१ जानेवारी, मंगळवार

एकच दुखणं उरलंय. चेनेज ४/३४०, म्हणजे सुरुवातीपासून चार किलोमीटर तीनशेचाळीस मीटरवर. उताराच्या रेषा एकमेकींवर चढतात, घाईत घातलेल्या वेणीसारख्या. टार्गेट बरोबर, सरफेस बरोबर. मग पॉइंट बघितले. पाच पॉइंट, आजूबाजूपेक्षा दीड मीटर खाली. शून्य नाहीत, पण खाली.

नानांना तीन फोन लावले. नाना म्हणजे आमचे सर्व्हेअर, पंचवीस वर्षं इथेच. ते शिरपूरच्या वर, सातपुड्यात दुसऱ्या कामावर. रेंज नाही. चारला फाइल द्यायची होती.

उडवले पाचही. मॉडेल स्वच्छ. नाना आले की विचारायचं.

२७ जानेवारी, सोमवार

नाना आले. शिरपूरहून पिशवीभर बोरं आणली, माझ्या टेबलावर निम्मी ओतली. विचारायचं राहिलं.

राहिलं नाही. विचारलं नाही. फाइल गेलेली, पुन्हा कोण उकरणार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

इतक्या महिन्यांनी ही वही उघडतेय, तीही अशा कारणाने.

सकाळी साइटवरून सरांना फोन. गावकऱ्यांनी रोलर अडवलाय. भराव टाकत टाकत त्यांच्या फडाच्या पाटावरून रस्ता गेला. खाली मोरी नाही, नळ नाही, काही नाही. पाट मुरमाखाली गडप.

कुठे, असं सरांनी विचारलं. चार किलोमीटर तीनशेचाळीस.

माझेच पाच पॉइंट.

सरांनी नानांना बोलावलं. "नाना, एवढा पाट सुटलाच कसा?" नाना म्हणाले, "घेतला होता सर. पॉइंट घेतले होते मी." सर माझ्याकडे वळले. "वैशाली, सरफेस उघड." उघडला. चौघांसमोर माझ्याच हाताने झूम केला. जमीन सपाट, गुळगुळीत. मीच इस्त्री केलेली. नाना वाकून बघत राहिले. बोलायची वेळ तीच होती. मी माउस धरून बसले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

साइटवर गेलो. सर, नाना, मी.

आमच्या भडगावकडे विहीर नाहीतर गिरणेचा कालवा. फड हा प्रकार मी ऐकूनच होते. इकडे नदीवरच्या बंधाऱ्यातून पाट निघतो, सगळ्या फडात एकच पीक, आणि पाणी पाळीने पाटकरी सोडतो. कुणी आपल्या मर्जीने बारं फोडायचं, म्हणजे पाट फोडून पाणी घ्यायचं नाही. जानेवारीत सर्व्हे झाला तेव्हा वरच्या बाजूला डागडुजी चालली होती म्हणून पाट कोरडा होता. कोरडा पाट पडद्यावर खड्ड्यासारखाच दिसतो. पण खड्डा सरळ रेषेत जात नाही हे मला कळायला हवं होतं. पाच पॉइंट एका रेषेत होते. मी ते पाहिलं होतं.

पाटकरी आबा, सत्तरीचे, फावडं खांद्यावर. रागावले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. सरांना अहिराणीत म्हणाले, "बठ्ठा गावले म्हाईत शे हाऊ पाट. तुम्हना कंपूटरलेच कसा नही दिसना?" रस्त्याच्या खालचा गहू नुकता उगवलाय, बोटभर. पाळी आली आणि पाणी भरावापाशी तटून वरच्या शेतात पसरलं.

सरांनी ठेकेदाराला तिथेच सांगून भराव चिरायला लावला. जेसीबीने तासाभरात पाट मोकळा केला. मोरी नंतर. पाणी पुढे गेलं. गहू वाचेल असं आबा म्हणाले. देव पावला, असं मला वाटलं. म्हणजे आता कुणाचं काही बिघडलं नाही, असं.

नाना तोवर लांब एका निंबाखाली उभे होते. मी गेले. ते पायाखालच्या जमिनीकडे बघत म्हणाले, "आठेच उभा व्हतू मी. असं वाटस तरी." मग डोळे चोळले. मागच्या वर्षी मोतीबिंदू काढला त्यांनी. "मन्हीच नजर चुकनी व्हई."

मी म्हटलं, "चला नाना, सर थांबलेत."

२० नोव्हेंबर, गुरुवार

नाना सकाळपासून कपाट उपसतायत. त्यांची फील्डबुक शोधतायत, या रस्त्याची. फाइलमध्ये नुसते आकडे असतात. कुठला पॉइंट कशाचा, ते नाना हाताने वहीत लिहितात, चित्र काढतात. सगळे हसतात त्यावर. मीही हसलेय.

वही माझ्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. जानेवारीपासून. ड्रॉइंगसोबत माझ्याकडे आली होती, मी उघडलीसुद्धा नव्हती. आज दुपारी सगळे जेवायला गेल्यावर उघडली. पान एकोणीस. पाटाच्या दोन रेषा, मध्ये बाण, पाच पॉइंटचे नंबर, आणि नानांचं ठसठशीत अक्षर: "फडना पाट. सध्या कोरडा. मोरी लागी."

मोरी लागी. मोरी लागेल, असं लिहून ठेवलंय माणसाने.

वही पर्समध्ये टाकली आणि घरी आणली. का आणली ते स्वतःलाही विचारलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

जळगावला आले. महेशची नोकरी इकडे, शनिवार-रविवार तेवढा आमचा संसार. पारोळ्याला बस थांबली तेव्हा ठरवलं, आज सांगायचं.

सांगितलं. सगळं ऐकून घेतलं त्याने, मग म्हणाला, "नाना असेही दोन वर्षांत रिटायर होणारच ना."

भडकलेच मी. बिचाऱ्याला वाटेल ते बोलले. भरीत तसंच राहिलं. हेच वाक्य बुधवारी साइटवरून परतताना गाडीत माझ्या मनात येऊन गेलं होतं. शब्द न् शब्द हेच. हे मात्र त्याला सांगितलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नानांनी सरांना सांगितलं, एक तारखेपासून येत नाही. यंत्राची पेटी पुसून, चाव्या टेबलावर ठेवून. सर म्हणाले, "नाना, एका चुकीसाठी..." नाना म्हणाले, "सर, चूक झाली त्याचं नाही. मला आठवतं की मी पॉइंट घेतले. आणि ते नाहीत. आता मी उद्या काय घेतलं आणि काय नाही, हे मी कुणाच्या भरवशावर सांगू?"

सरांनी फार आग्रह केला नाही.

संध्याकाळी पाचला नाना माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. इतक्या वर्षांत असे बसले नव्हते, नेहमी उभ्यानेच बोलतात. "वैशाली, तू माले खरं सांग. फाइलमा काहीच नव्हतं का?"

"नव्हतं, नाना."

किती सहज निघालं तोंडातून. ते मान हलवून उठले. वर मलाच म्हणाले, "कामाले लाग, तुन्हा खोळंबा व्हस."

मी नवीन आले तेव्हा लेव्हल कशी धरायची, बुडबुडा मध्ये कसा आणायचा, हे मला याच माणसाने देवपूरच्या मैदानात उन्हात उभं राहून शिकवलं. कॉलेजात धड शिकवलं नव्हतं. मी त्यांना त्यांच्याच डोळ्यांवर शंका घ्यायला लावली. आणि "नव्हतं" म्हटलं. नालायक बाई आहे मी.

२६ नोव्हेंबर, बुधवार

जुनी मूळ फाइल काढली. पाच पॉइंट परत घातले. रेषा पुन्हा एकमेकींवर चढल्या, तशाच. मग जे जानेवारीत करायला हवं होतं ते केलं: पाटापाशी कॉरिडॉरचा तुकडा वेगळा केला, मोरीचा वेगळा छेद दिला, दोन्हीकडे आडव्या रेषा दाट केल्या. वीस मिनिटं. फक्त वीस. मॉडेल गुण्यागोविंदाने उभं राहिलं.

प्रिंट काढली. सरांच्या केबिनपर्यंत गेले आणि पाण्याची बाटली भरून परत आले.

आधी नाना. सरांच्या आधी नानांना कळलं पाहिजे, ते माझ्याकडून.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज नाना आले नाहीत. हाफ डे टाकून त्यांच्या घरी गेले. अक्का, त्यांच्या मिसेस, शेंगा फोडत बसल्या होत्या. नाना पलंगावर. मी काही न बोलता वही त्यांच्या हातात दिली, पान एकोणीस उघडून. रिक्षात बसून जे जे जुळवलं होतं ते सगळं विसरले.

चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग एकदम उठलेच. "दख वं," अक्कांना म्हणाले, "मन्हंच अक्षर शे! मी लिखेल शे ना, पाट!" अक्कांच्या हातातलं सूप बाजूला सारून त्यांना पान दाखवलं. लहान पोरासारखा आनंद. मला म्हणाले, "बठी जाय, बठी जाय. कोठे सापडनी वं तुले?"

सांगितलं. ड्रॉवर, जानेवारी, पाच पॉइंट. गेल्या गुरुवारी पर्समध्ये घालून नेली तेही. खाली बघूनच सांगितलं. अक्कांचा शेंगा फोडायचा आवाज थांबला होता.

नानांनी वही मिटली. मी म्हटलं, "सरांना आजच सांगते, इथूनच फोन करते." ते म्हणाले, "कर." केला. त्यांच्यासमोरच सगळं सांगितलं. सर एवढंच म्हणाले, "उद्या दहाला ये. फाइल घेऊन."

फोन ठेवला तर नाना माझ्याकडे बघत होते. आवाज चढलेला नव्हता. "पॉइंट उडाया, ते व्हस. घाईमा मन्हाकडतीनबी व्हयेल शे. पन सोमवारले मी तुन्हा समोर बसीसन इचारं ना?"

अक्कांनी चहा केला. तिघांनी प्यायला. निघताना मी नानांना विचारणार होते, उद्या येता का ऑफिसला म्हणून. ते पुन्हा चष्मा लावून पान एकोणीस बघत होते. विचारलं नाही.