गवयाने मागे पाहिले का?

कोरेगाव
रविवार, २८ नोव्हेंबर १९७६

दोस्त नाथाजी मास्तर यांस,

याकूबचा सलाम, आबेदाचा नमस्कार. आमी दोघं ठीक. तुझी खुशाली तू कळवत न्हाईस, म्हणून आमीच ती चांगली धरून चालतो.

खबर अशी की आमच्या पोरानं, मौलानं, पुण्याहून टीव्ही आणून दिलाय. कौलांवर बांबू, बांबूवर काड्या, आणि चित्र पाहिजे तर शेजारच्या हंबीररावानं वर चढून बांबू सिंहगडाकडं फिरवायचा. खाली सगळी गल्ली ओरडते, आलं, गेलं, आलं. चित्रात माणसांपेक्षा मुंग्या जास्त. पलटणीत रात्रीच्या पहाऱ्यालासुद्धा यापेक्षा बरं दिसायचं. आबेदाचं दुःख निराळंच. दारात चपलांचा ढीग पडतो आणि तिला स्वतःची सापडत न्हाई.

लिहायचं कारण दुसरं. दर शनिवारी ग्रीस देशाच्या जुन्या कथा मराठी नाटकासारख्या दाखवतात. राजे चादरी गुंडाळून शुद्ध पुणेरी बोलतात. मौला म्हणाला, या तर कुंडलच्या शाळेत आपल्या मास्तरांनी सांगितलेल्या गोष्टी. काल एका गवयाची सुरू झाली. त्याची नवी नवरी साप चावून गेली आणि हा वीणा घेऊन तिला परत आणायला पाताळात निघाला. पुढचं येत्या शनिवारी. तू ये. तुझ्याकडची गाडी सरळ इथं येते. शालूवहिनी गेल्यापासून तू उंबरा ओलांडला न्हाईस म्हणतात. पुढं काय होतं ते सांगायला तरी ये.

वाट बघणारा,
याकूब

कुंडल
१ डिसेंबर १९७६

प्रिय याकूब,

स. न. वि. वि. आशीर्वाद देण्याचे माझे वय झाले, पण तू दोन महिन्यांनी मोठा, तेव्हा नमस्कारच.

पुढे काय होते ते इथूनच सांगतो. त्याचे गाणे ऐकून पाताळाच्या राजाला रडू येते. तो म्हणतो, ने तिला, पण एक अट. ती तुझ्या मागून चालेल. उजेडात पोचेपर्यंत वळून पाहायचे नाही. गवई अगदी तोंडाशी येतो, आणि वळतो. ती जाते.

शेवटच्या तासाला, मुले सुरात कविता म्हणून दमली की मी ही गोष्ट सांगायचो. कौलांतून उन्हाचा पट्टा फळ्यावर उतरलेला असायचा. पोरे कळवळून म्हणायची, मास्तर, त्याला सांगा ना, बघू नको. मी म्हणायचो, अधीर माणूस होता, बाळांनो.

भाद्रपदात शालूला ओढ्यावर नेले तेव्हा तू होतासच. अग्नी दिला, मडके फुटले, आणि वडीलधारे म्हणाले, चला, आता मागे वळायचे नाही. आपल्यात रीतच ती. मी गुणी विद्यार्थ्यासारखी पाळली. जन्मभर जी माझ्या मागून चालली तिला तिथे एकटी ठेवून आलो, एकदाही वळून पाहिले नाही. त्या गवयाला निदान ती एकदा दिसली तरी.

म्हणून मी कुठे निघत नाही रे. निघालो की वाटते, पाठीशी ती उभी आहे, आणि मान वळवायचे धैर्य होत नाही.

हे टीव्हीवाले शेवट बदलतात म्हणे. त्याने मागे पाहिले का, एवढे कळव.

मुलाबाळांस आशीर्वाद, आबेदावहिनींच्या चपलेस माझी सहानुभूती.

तुझा,
नाथाजी

कोरेगाव
५ डिसेंबर १९७६

नाथा, गड्या,

सलाम. काल गोष्ट संपली. गवयानं मागं पाहिलं न्हाई. मान ताठ, नजर समोर, जवानासारखा चालत आला. घराच्या दारात सासूनं सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग दोघांनी पिठलं-भाकरी खाल्ली आणि तो परत गायला बसला. लय चांगला शेवट केलाय. तू आता शांत झोप.

जीव लावणारा,
याकूब

कुंडल
९ डिसेंबर १९७६

प्रिय याकूब,

नमस्कार. ग्रीस देशातल्या सुनेवरून भाकरतुकडा ओवाळला हे वाचून कित्येक दिवसांनी हसलो. पेरू चोरल्यावरही तू असाच नको तितका तपशील द्यायचास आणि त्यातच सापडायचास.

हसू ओसरल्यावर घर मात्र पुन्हा मोठे झाले. माझ्यासाठी खोटे लिहिलेस, त्याचा राग नाही. पण आता खरे लिही. गोष्ट मला पाठ आहे. जाताना ती कशी दिसत होती, तेवढे मला ठाऊक नाही. वर्गातही ते कधी सांगता आले नाही.

माया आहे तशीच असू दे.

नाथाजी

कोरेगाव
१२ डिसेंबर १९७६

नाथा,

पाहिलं त्यानं. तिनं हात जरा वर केला आणि त्या मुंग्यांत मिसळून गेली. हंबीररावाला वाटलं बांबू हलला, म्हणून तो वर धावला. आबेदा उठून चुलीपाशी जाऊन बसली.

पण तू त्या गवयाच्या बायकोचं विचारत न्हाईस, एवढं मला कळतं. म्हणून लिहितो.

त्या दिवशी चला म्हणाले तवा तुमी सगळे निघालात. मला कुणी काय बोललं न्हाई, आणि आमच्यात ती रीत न्हाई. मी थांबलो, बाभळीखाली बसलो. आधी धूर उसावर गेला. मग वारा पडला आणि तो सरळ वर चढला. एक लाकूड घसरलं ते राखणीला मागं राहिलेल्या तात्याबानं सारखं केलं, लय हळू, झोपलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करावं तसं. ओढ्यापलीकडं तुझी शाळा सुटली, पोरांचा गलका झाला. आभाळ भरून आलं, पण पडलं न्हाई. निखारे होईस्तोवर मी तिथंच होतो. वहिनी एकटी न्हवती, नाथा.

हे आधी सांगितलं न्हाई कारण तू विचारलं न्हाईस. मला वाटलं, तुमच्यात वळून बघत न्हाईत तसं मागाहून बोलतही न्हाईत.

तुझा,
याकूब

कुंडल
१५ डिसेंबर १९७६

प्रिय याकूब,

शनिवारच्या गाडीने येतो. स्टेशनवर ये, बऱ्याच दिवसांत घराबाहेर पडलेलो नाही, गोंधळायला होईल.

एक विनंती. त्या संध्याकाळी टीव्ही बंद ठेव. गल्लीतले रागावले तर माझे नाव सांग. हंबीररावांनाही बसायला बोलाव. आणि तू मला पहिल्यापासून सांग, आम्ही निघाल्यानंतर तू कुठे उभा राहिलास, काय काय पाहिलेस. सावकाश सांग. मध्ये मी काही बोलणार नाही.

नाथाजी