पुण्याचं मशीन, अणदूरचा हात

अणदूर, ता. तुळजापूर
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप गौरीशंकर अण्णास,
धाकट्या महेश्वरीचा शरणु शरणार्थी नमस्कार.

इथं सगळे खुशाल आहेत. अव्वाचे गुडघे थंडीनं धरले होते, आता जरा मोकळे झालेत. खंडोबा देव नळदुर्गाहून परत आपल्या देवळात आलेत, त्यामुळं अप्पा घरी फक्त जेवायला येतात. जोंधळा हुरड्याला आलाय. अव्वानं तुझ्यासाठी शेंगाच्या पोळ्या डब्यात भरून ठेवल्यात, पण त्या मी आणणार न्हाई. का, ते खाली लिहिते.

फोन सोडून कागद का काळा करतेय असं वाटंल तुला. फोनवर तू मला मधेच तोडतोस, 'अगं ऐक तर' म्हणतोस, आणि शेवटी मीच ऐकत बसते. आज तू ऐक.

परवाचा तुझा निरोप अप्पांनी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवला. महेश्वरीला आठ दिवस पुण्याला पाठवा, वहिनीला हातभार लागंल, तिचाही जीव रमंल. अप्पा लई खूश झाले. मला मात्र तू वेगळा मेसेज टाकलास. 'पुढच्या फेऱ्या तू आतल्या खोलीत बसून खेळ. नाव माझंच राहू दे. कुणाला कळणार न्हाई.' हातातला घास मी ताटात परत ठेवला. अव्वाला वाटलं भाजी खारट झाली. भाजी चांगली होती अण्णा, मला तुझी शिसारी आली होती.

आता पहिल्यापासनं सांगते, म्हणजे 'माझ्या ध्यानात न्हाई' म्हणायची सोय उरायची न्हाई.

आपल्या घरचा कॉम्प्युटर तुला माहीत आहे. बटण दाबून चहा ठेवावा, चहा पिऊन कप विसळावा, तेव्हा कुठं तो डोळे उघडतो. नळदुर्गच्या क्लासवर मी पोरींना कॉम्प्युटर शिकवते आणि माझ्या घरी ही दशा. तुझं पुण्यातलं मोठं मशीन मात्र तू ऑफिसला गेलास की धूळ खात पडायचं. तूच म्हणालास, रिमोट टाकून देतो, तिथनं वापर. खेळ पुण्याच्या मशीनवर चालणार, चित्र अणदूरला दिसणार, माऊस मी इथनं हलवणार. लई बरं वाटलं होतं तेव्हा. असा भाऊ कुणाला असतो, असं मी क्लासवर सांगत फिरायचे.

खातं मी उघडलं. जोंधळा हे नावही मीच ठेवलं. पाचजणांचा संघ, समोर पाचजण, बंदुकांचा खेळ. आपल्याकडची लाईन ही असली, चित्र इथवर पोचायला उशीर व्हायचा. समोरचा मला दिसायचा तोवर तो मला मारून मोकळा झालेला असायचा. मग मी माणसं ओळखायला शिकले. कोण कुठल्या भिंतीआडनं येणार, कोण घाबरट, कोण हावरट. तो यायच्या आधीच मी तिथं नेम धरून बसायचे. हे बघूनच सोलापूरच्या कृष्णराजनं मला स्पर्धेसाठी त्याच्या संघात घेतलं. माईक मी कधी लावला न्हाई. बाईचा आवाज आला की तिथली पोरं काय काय बोलतात ते मी ऐकलेलं होतं. जे बोलायचं ते टाईप करायचे. त्यामुळं जोंधळा म्हणजे कुणीतरी पोरगाच, असं सगळे धरून चालले आणि मीही चालू दिलं.

डिसेंबरात खेळाच्या कंपनीची बंदी आली. 'प्रिय खेळाडू, आपल्या मशीनवर बाहेरचं नियंत्रण आढळलं आहे.' यंत्रच लिहितं, यंत्रच वाचतं, यंत्रच निकाल देतं. किती वेळा लिहिलं मी, बाबा रे, ते बाहेरचं नियंत्रण म्हणजे मीच, दुसरं कुणी न्हाई, माझ्याकडं चांगलं मशीन न्हाई एवढाच माझा गुन्हा. दर वेळी तेच उत्तर, तोच प्रिय खेळाडू. त्या 'प्रिय'चा मला इतका वीट आलाय की क्लासच्या नोटिशीतनंही मी तो शब्द काढून टाकला. समोरचा दिसायच्या आधी नेम धरते म्हणून संशय आणखी बळावला म्हणे. आपला खंडोबा वर्षातनं दोन गावांत राहतो, त्याला कुणी खोटा देव म्हणत न्हाई. मी माझा हात पुण्यापर्यंत नेला तर चोर ठरले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

संघातल्या पोरांनी बोलणं टाकलं. एकट्या कृष्णराजनं कळवलं की कंपनी मशीनच्या मालकाचा खुलासा मागतेय, तो नीट गेला तर बंदी उठंल आणि जोंधळा पुढच्या फेऱ्या खेळंल. मशीनचा मालक तू. मी तुला फोन केला. तू म्हणालास, 'काळजी करू नको गं, आजच लिहितो.'

अण्णा, रिमोट तू तोवर काढलेलं नव्हतंस. क्लासची एक फाईल तुझ्या मशीनवर राहिली होती, ती घ्यायला मी आत आले. तर तू लिहीत होतास. पडद्यावर एकेक अक्षर उमटत होतं. 'हे खातं माझ्या बहिणीचं आहे. ती तिच्या गावाहून खेळते. ती माझ्यापेक्षा फार चांगली खेळते.' माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. अव्वाला हाक मारून दाखवणार होते.

मग कर्सर थांबला. बराच वेळ थांबला. आणि मागं मागं यायला लागला. चांगली खेळते गेलं, गाव गेलं, बहीण गेली. त्या जागी तू लिहिलंस, 'खातं माझं आहे. खेळतो मीच. रिमोट बहिणीनं मला न विचारता तिच्या कामासाठी टाकलं होतं, आता काढून टाकत आहे.'

पुढचं आजवर मी कुणाला बोलले न्हाई, आणि तू तर कशाला बोलशील. रिमोटवर दोघांचे हात चालतात. तुझ्या त्या ओळीखाली मी टाईप केलं, 'अण्णा, मी बघतेय.' तू ते वाचलंस. दिसलं न्हाई असं म्हणू नकोस, कर्सर त्याच ओळीवर लुकलुकत होता. मला वाटलं, आता तरी लाजंल. तू माझी ओळही पुसलीस. तीही मागनं पुढं, एकेक अक्षर. आणि पाठवून दिलंस. मग माझ्याकडचा पडदा काळा झाला.

खातं सुटलं, तुझ्या नावानं. बंदी राहिली ती माझ्या नावाला, दुसऱ्याच्या मशीनमध्ये न विचारता शिरले म्हणून. तू असं का केलंस ते मला कळंना. नोकरी अडचणीत आली असंल, काही भीती असंल, अशी मीच तुझ्यासाठी कारणं शोधत बसले. परवा वहिनी फोनवर सहज बोलून गेली, 'यांना ऑफिसात सगळे जोंधळाच म्हणतात, वर्ष झालं.' म्हणजे आयत्या बिळावर नागोबा होऊन तू वर्षभर बसलायस. नोकरीसाठी खोटं बोलला असतास तर मी गिळलं असतं. टपरीवर चहा पिताना चार पोरांनी पाठ थोपटावी, एवढ्यासाठी? किळस येते अण्णा. आणि वर मलाच बोलावतोस, आतल्या खोलीत बसून तुझं नाव राखायला. घरकामाच्या नावाखाली.

अप्पा देवळात सांगतात, आमच्या गौरीशंकरानं बहिणीसाठी आपलं मशीन दिलं, अशी पोरं आता राहिली न्हाईत. लोक माना डोलावतात. मी शेजारी उभी असते, आणि मलाच घाण वाटते, जशी काही ती चोरी मीच केलीय.

काल मी कृष्णराजला फोन केला. माझा आवाज त्यानं पहिल्यांदाच ऐकला. मी म्हणाले, 'जोंधळा बोलतेय.' तो हसला. म्हणाला, 'ताई, चेष्टा कोण करायला लावतंय तुम्हाला?' मग मी त्याला आठवण दिली, एका सामन्यात तो गोदामाच्या जिन्याखाली घाबरून बसला होता आणि मी त्याला काय लिहिलं होतं त्याची. ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. त्याचं हसणं थांबलं. मग हळूच विचारलं, 'मग पुण्यात बसलाय तो कोण?' मी म्हणाले, माझा भाऊ. दुसरं काय सांगणार होते?

उद्या मी सोलापूरला चाललेय. तिथल्या गेमिंग कॅफेत संघातल्या चौघांसमोर बसून खेळून दाखवायचंय. मशीन एक नंबर, उशीर अजिबात न्हाई, आणि मला भीती त्याचीच वाटतेय. माझा हात उशिराला सवकलाय, नेम आधीच सुटंल, हसं होईल. झालं तर होऊ दे. हरले तर सगळ्यांसमोर माझ्या हातानं हरेन. तुझ्या आतल्या खोलीत बसून जिंकायचं न्हाई मला.

त्यांची खात्री पटली तर ते माझ्यासाठी कंपनीला लिहिणार आहेत. मग कंपनी पुन्हा मशीनच्या मालकाकडं खुलासा मागंल, आणि तोच कोरा पडदा पुन्हा तुझ्यासमोर येईल. मी काही सांगणार न्हाई, विनवणार न्हाई, अप्पांनाही मधे घालणार न्हाई. तू काय लिहितोस आणि काय पुसतोस, ते बघायला या वेळी कुणी नसंल.

वहिनीला नमस्कार सांग.

अजून तरी तुझीच बहीण,
महेश्वरी