दिवा स्थिर असेल तर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सदुसष्ट, धंदा पूर्वी संगणकावरचे खेळ बनवणे, आता काही नाही, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. हृदयाची एक झडप मात्र ठिकाणावर नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा कोणाच्या नादी लागून लिहीत नाही. घाईने मात्र लिहीत आहे, त्याचे कारण कलम चारमध्ये येईल. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळे दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला दिले होते, आणि दादा माझ्या आधी गेला.

कलम १. राहते घर, तिसरा मजला, दोन खोल्या, माझ्या वहिनीला व तिच्यानंतर माझ्या पुतणीला द्यावे. अट एकच. दोघींनी या घरात राहायला येऊ नये. हे वाचून वहिनी म्हणतील, "भावोजींना म्हातारचळ लागला." लागलेला नाही. घर भाड्याने द्या, बंद ठेवा, पण सरकारदरबारी लागलेला आपला पत्ता बदलू नका. वहिनींनी फोनही बदलू नये. त्याची काच फुटली आहे, ती फुटकीच राहू द्यावी.

कलम २. माझी सगळी हत्यारे, तारा जोडायचे सोल्डरिंग आयर्न आणि भिंगाचा दिवा पुतणीला. ती लिफ्ट दुरुस्त करते. माझे पेचकस नेऊन परत न आणण्याची तिला जुनी खोड आहे, तो प्रश्न आता मिटला. बँकेत जे काही उरले असेल तेही तिचेच. फिरती खुर्ची खालच्या सलूनवाल्याला द्यायची फार इच्छा होती, पण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात. सही करताना त्याने तोंड वाकडे करू नये.

कलम ३. दादाचा जुना संगणक व त्यातला खेळ. हे कलम लांबणार आहे.

मी ज्या कंपनीत होतो तिचा एकच खेळ नावारूपाला आला. एक नावाडी बेटामागून बेट पार करत जातो, प्रत्येक बेटावर किल्ली शोधतो, शेवटच्या बेटावर लोखंडी दार असते. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारका दिवा लुकलुकत असतो. बेटे इतरांनी केली, कुलूप मी केले. लोक खेळाच्या चोरून प्रती काढत, त्याने मालक हैराण होते. मी सुचवले की चोराला अडवायचेच नाही. अडवले की तो कुलूप फोडायच्या मागे लागतो. त्याला खुशाल खेळू द्यायचे, फक्त शेवटच्या दाराची किल्ली बेटावर ठेवायचीच नाही. शोधून शोधून तो थकेल, आपणच मठ्ठ असे समजेल आणि नाद सोडेल. मालकांनी माझी पाठ थोपटली, सगळ्यांसमोर. अडकलेली प्रत आम्हाला ओळखता यावी म्हणून मी एक खूण ठेवली. अशा प्रतीत दिवा लुकलुकत नाही, स्थिर राहतो.

मी एकदा विचारले होते, "एखादा प्रामाणिक माणूस चुकून अडकला तर?" मालक म्हणाले, "मग तो तक्रार करेल की." मला ते पटले. अडकवल्याचे ज्याला सांगितलेच नाही तो तक्रार कशाची करणार, एवढे साधे माझ्या डोक्यात आले नाही.

दादा छापखान्यात होता. पाय गेले आणि तो अंथरुणाला खिळला, तेव्हा मी त्याला कंपनीतली प्रत देऊ केली. तिला कुलूपच नव्हते. तो म्हणाला, "तुझ्या मेहनतीची वस्तू फुकट घेऊ होय? मी दुकानातून आणवतो." आणि आणवली. पुढे त्याच्या संगणकाची डिस्क बिघडली, नवी बसवली. कुलपाने हिशेब केला की ही प्रत दुसऱ्या यंत्रावर गेली, म्हणजे चोरीची.

चौदा महिने दादा शेवटच्या बेटावर होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "अरे, तुझी किल्ली कुठंय रे? दगडन् दगड उलटून झाला." मी हसायचो. "शोध की, दादा. मी सांगितलं तर मजा काय राहिली?" शेवटच्या रविवारी म्हणाला, "माझंच डोकं चालेना बघ. तू केलंयस म्हणजे बरोबरच असणार."

तो गेल्यावर आवराआवर करायला गेलो आणि त्याचा संगणक सुरू केला. दिवा स्थिर होता. मी तिथेच खाली बसलो. वहिनींना वाटले, भावाच्या आठवणीने रडतोय. खरे कारण मी त्यांना आजवर सांगितले नाही, हिंमत झाली नाही. वहिनी, क्षमा करता आली तर करा. नाही करता आली तरी घर तुमचेच आहे.

हा संगणक कोणीही विकू नये.

कलम ४. कंपनी बुडाली. टेबलखुर्च्यांबरोबर माझे कुलूपही कोणीतरी विकत घेतले. कोणी, ते मला बरीच वर्षे कळले नाही.

आमच्या भागातल्या सेवा केंद्रात पाण्याची जोडणी, निवृत्तिवेतन, इस्पितळातला क्रमांक, सगळे आता एकाच खिडकीवर होते. बोगस अर्जदार हुडकून काढायला नवी यंत्रणा आणली, असे नगरसेवकाने फलकावर स्वतःच्या फोटोसकट छापले होते. तेव्हापासून काही लोकांचे अर्ज "स्वीकारले" जातात आणि पुढे काहीच होत नाही. सलूनमध्ये रोज हीच चर्चा. कोणी म्हणतो मागच्या सरकारने वाट लावली, कोणी म्हणतो या सरकारने. सलूनवाला म्हणतो, "सगळे एकाच माळेचे मणी. मान खाली करा." खालची शिवणकाम करणारी बाई दीड वर्ष नळाची वाट बघते आहे. तिची खात्री आहे की तिने मत कोणाला दिले ते त्यांना कळले. मीही त्या गप्पांत हिरिरीने भाग घेत होतो. आमच्यापैकी एकानेही पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिले नाही.

मागच्या वर्षी मी दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर आलो, आणि माझा फोन पाण्याच्या बादलीत पडला म्हणून नवा घेतला. त्यानंतर झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी अर्ज केला. पडद्यावर आले, "आपला क्रमांक चौथा आहे. आपले आभार." कोपऱ्यात बारका दिवा होता. तोच, मी केलेला. काढून टाकायची तसदीही कोणी घेतली नव्हती. शेजारच्या खिडकीवर तो लुकलुकत होता. माझ्या खिडकीवर स्थिर होता. पत्ता नवा, फोन नवा, म्हणजे कुलपाच्या हिशेबाने मी बोगस.

या गोष्टीला अकरा महिने झाले. माझा क्रमांक अजून चौथाच आहे. मी खिडकीवर जाऊन सांगितले की हे कुलूप माझे आहे आणि ते चुकते. खिडकीवरची मुलगी वाईट नाही. म्हणाली, "काका, यादीत नाव दिसतंय ना? मग कशाला काळजी करता?" फारच लावून धरले तेव्हा तिने तक्रार नोंदवून घेतली. त्याच पडद्यावर. तक्रार स्वीकारली गेली.

मला भीती वाटते, हे इथे स्पष्ट लिहितो. मरणाची वाटते त्याहून जास्त या गोष्टीची वाटते की मी गेल्यावर लोक म्हणतील, बिचाऱ्याचा नंबर लागायच्या आतच गेला. माझा नंबर लागणारच नव्हता. वहिनींचा दिवा मी स्वतः जाऊन पाहिला आहे, तो अजून लुकलुकतो. म्हणून कलम एकमधली अट.

कलम ५. माझ्या अंत्यविधीला नगरसेवकाने भाषण करू नये. आलाच तर त्याला मागे उभे करावे. माझ्या जुन्या मालकांना कळवू नये. पाठ थोपटणारा तो हात मला पुन्हा नको आहे.

कलम ६. निळ्या पुठ्ठ्याची वही पुतणीला. कुलूप कसे विचार करते, कोणाला चोर ठरवते आणि दिव्याची खूण काय, हे सगळे तीत माझ्या अक्षरात आहे. उघडायची किल्ली तीत नाही. मी ती केलीच नव्हती, चोरासाठी कोण किल्ली करतो? पुतणी म्हणाली होती, "काका, त्या सेवा केंद्राच्या इमारतीची लिफ्ट माझ्याकडेच आहे. आत जाऊन यंत्रच बंद पाडते." तिने तसे काही करू नये. एक यंत्र बंद पडले तर दुसरे येईल. तिने माणसांना दिवा बघायला शिकवावे. एकेकटा माणूस खिडकीवर गेला की वेडा ठरतो, हे मी करून पाहिले आहे. तीनशे जण एकदम गेले तर निदान खिडकी तरी उघडी ठेवावी लागेल.

मी आयुष्यभर लोकांनी प्रती काढू नयेत म्हणून काम केले. या वहीच्या व या मृत्युपत्राच्या प्रती कोणीही, कितीही काढाव्यात. माझी परवानगी आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

सही: (कुलूपवाला काका)
साक्षीदार १: सलूनवाला, तळमजला
साक्षीदार २: शिवणकाम करणारी, तळमजला
ठिकाण: राहते घर
दिनांक: चार, मंगळवार, दुपार

मागील बाजूस, पुतणीच्या अक्षरात:

काका एकोणीस तारखेला गेले. यादीत त्यांचा क्रमांक अजून चौथा आहे. मृत्युपत्र नोंदवायला आईला घेऊन मी त्याच केंद्रात गेले. "स्वीकारले आहे. आपले आभार," असे आले. काकांच्या नावासमोर इथेही दिवा स्थिर होता. आईनेही तो पाहिला. घरी आल्यावर तिनेच पहिली प्रत हाताने लिहून काढली.

ही प्रत एकशे सातवी. वाचून झाली की आपला दिवा पाहून यावा आणि प्रत शेजारच्या घरी द्यावी.