आतून कडी नको

२ एप्रिल १९६२, सोमवार
आजपासून नियमित लिहिणार. मोठ्या कामाची टिपणे त्या त्या वेळीच झालेली बरी. नंतर लोक आठवणीवर भिस्त ठेवून वाटेल ते लिहितात.
निर्णय झाला. भातगिरणीमागची गोदामाची खोली आता कोल्ड रूम होणार. खाडीची कोळंबी इथे गोठवायची, मुंबईला आगबोटीच्या थंड खणात चढवायची, थेट लंडन. मुंबईचा एजंट दयाराम म्हणाला, "इनॉकराव, माल दगडासारखा गोठलेला दाखवा, उचलतो." दाखवू.
मी स्वतः कोळंबी खात नाही. आम्हां बेने इस्राएल ज्यूंना खवले नसलेली मासळी वर्ज्य. हे उलट चांगलेच. जिभेला मधे न घेता, फक्त मापावर चालणारा धंदा होईल.
संध्याकाळी बायकोला, सोफीला, सांगितले. तिने ऐकून घेतले आणि तिच्या बहिणीचे, हदासाचे, पत्र पुढे ठेवले. इस्राएलात, बीरशेबाला, घर मिळते आहे. जूनच्या बोटीवर नेपल्सपर्यंत जागा आहेत, पुढे दुसरी बोट. "सगळे गेले. आपणच सिनेगॉगचे पंखे मोजत बसायचं का?" असे तिचे शब्द.
बरीच चर्चा. शेवटी ठरले ते असे: दयारामने पहिला माल उचलला तर आपण पनवेलातच. नाही उचलला तर जूनमध्ये बोटीवर. मी लगेच हो म्हटले. हरायचा संभवच नसेल तेव्हा माणसाने उदार असावे.

९ एप्रिल, सोमवार
यंत्र आले. सेकंडहँड, पण अनुभवी. पूर्वी एका आइस्क्रीमवाल्याकडे होते.
भिंतींच्या पोकळीत भाताचा तूस ठासून भरला. पुस्तकात कॉर्क सांगितले आहे. पुस्तक इंग्रजाचे. त्याच्याकडे भात पिकत नाही, तो तरी काय करणार.
दारावरून सुताराशी वाद. तो आतून कडी बसवू म्हणतो. मी समजावले की आतून-बाहेरून दांडा आरपार घातला की थंडीला बाहेर जायला रस्ताच झाला. तो म्हणाला, "पण साहेब, माणूस आत अडकला तर?" म्हटले, आत माणूस नाही, कोळंबी राहणार आहे. तो हसला नाही. सुतारांना विनोद कळत नाही.
दाराला स्प्रिंग बसवली. उघडे राहायला नको, आपोआप घट्ट लागते. कल्पना माझी.

१६ एप्रिल, सोमवार
यंत्र सुरू. थर्मामीटर थंड पाइपलाच तारेने आवळून बांधला, म्हणजे माप अचूक. पारा शून्याखाली सहा. दोनदा वाचले. सहाच.
चाचणीसाठी तांब्याभर पाणी आत ठेवले.

१७ एप्रिल, मंगळवार
तांब्यातले पाणी अजून पाणीच. पारा शून्याखाली सहा.
विचारांती कळले: दोष पाण्यात आहे. पनवेलच्या विहिरींत क्षार फार.

२४ एप्रिल, मंगळवार
काशिराम कोळी माल आणणार आणि दारावरही तोच बसणार. माणूस विश्वासू, शिस्त कमी. दुपारी जाऊन पाहतो तो त्याची बायको मैना, तिची आई आणि एक शेजारीण कोल्ड रूममध्ये पान लावत बसलेल्या. मैना म्हणाली, "शेठ, बरा गारवा हाय. झाडाखाली बसल्यावानी वाटतं."
झाडाखाली. शून्याखाली सहामध्ये.
या लोकांना थंडीची सवय नसल्याने ती ओळखताच येत नाही.
काशिरामला सक्त ताकीद. माल आत गेला की दयाराम येईपर्यंत दार उघडायचे नाही. आतून कोणी हाक मारली, रडले, शपथा घातल्या, तरी नाही. त्याने विचारले, "कोन बी?" म्हटले, कोणी म्हणजे कोणीही.

२७ एप्रिल, शुक्रवार
दयारामचे नक्की. रविवारी, सहा मेला येतो.
सोफीने आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, मलिद्याचा नवस केला आहे. काय मागितले ते सांगत नाही. वरवर विरोध करते, पण मनातून धंद्याच्या पाठीशी आहे. डोळे भरून आले. तिला दाखवले नाही.

४ मे, शुक्रवार, सकाळी
कोळंबी आली. टपोरी, पारदर्शक. थाळ्यांत एकसारखी लावून आत. काशिराम बर्फ टाकू म्हणत होता. कोल्ड रूममध्ये बर्फ म्हणजे समुद्रात मीठ. नको म्हटले.

त्याच दिवशी, दुपार कलल्यावर
सूर्यास्ताला शब्बाथ, आमचा विश्रामाचा दिवस, लागण्यापूर्वी एकदा पारा पाहावा म्हणून आत आलो. काशिराम विडी आणायला गेला होता. स्प्रिंगने आपले काम चोख केले. दार लागले.
मी आत आहे. दिवा चालू आहे. शाई गोठेल म्हणून खिशात पेन्सिल ठेवली होती. पूर्वतयारी.
घाबरण्यासारखे काही नाही. थंडीत माणसाने हालचाल ठेवावी असे पुस्तक सांगते. थाळ्यांभोवती फेऱ्या घालतो आहे.

थोड्या वेळाने
काशिराम आला. पावले ऐकू आली. हाक मारली. बाहेरून उत्तर: "कोन हाय?" म्हटले, मी आहे, उघड. म्हणाला, "शेठनी सांगितलंय, कोन बी असला तरी नाय उघडायचा." म्हटले, अरे, मीच तो शेठ. तर म्हणतो, "आवाज शेठचाच हाय. पन शेठनी शपथा घातल्या तरी नाय म्हनून सांगितलंय."
मी शपथा घातल्या.
"बाईंना विचारून येतो," म्हणून गेला.

आणखी थोड्या वेळाने
फेऱ्यांनी घाम आला. कोट काढला.
नंतर सदराही काढला. पारा शून्याखाली सहा. मला बहुधा ताप भरला आहे. पारा खोटे बोलत नाही, तेव्हा चूक माझ्या अंगाचीच.
वासाबद्दल: थोडा आहे. कोळंबीला मुळात असतोच म्हणतात. मला तुलना करता येत नाही.
सूर्य मावळल्यावर लिहायचे नसते. आत सूर्य दिसत नाही, त्यामुळे दोष लागू नये. पण थांबतो.

६ मे, रविवार
शुक्रवारचे राहिलेले. सोफी डोक्यावर पदर घेऊन, सिनेगॉगला निघालेली तशीच आली. दाराबाहेरून विचारले, "अहो, थंडी वाजते का? शाल आणू?"
मी फार अवघड जागी होतो. नको म्हणावे तर कोल्ड रूम गेली. म्हटले, आण.
ती शाल घेऊन आली, दार उघडले. मी बनियनवर, कपाळावरून घाम गळतोय. तिने माझ्याकडे पाहिले, शालीकडे पाहिले. शाल घडी करून पुन्हा काखेत घेतली. काही बोलली नाही. चोवीस वर्षांच्या संसारात हे प्रथमच.
काशिराम आत डोकावून म्हणाला, "शेठ, आताच मैनाला बोलवतो. सोलून सुकत घालू, सोडं तरी व्हतील." नाही म्हटले. शब्बाथ लागलेला. शिवाय दार बराच वेळ उघडे राहिल्याने बाहेरची गरमी आत शिरली होती, ती आपोआप निघाली असती.
निघाली नाही.
आज दयाराम आला. दाराशी रुमाल नाकाला लावला. मी त्याला पारा दाखवला. तो म्हणाला, "इनॉकराव, पाइप उत्तम गोठलाय. लंडनला पाइप पाठवायचा असेल तर सांगा."
कोळंबी काशिरामच्या माडांच्या मुळाशी पुरली. मैना म्हणाली, औंदा नारळ बरे लागतील.

१३ मे, रविवार
बोटीची जागा पक्की. शब्द म्हणजे शब्द.
काशिरामने खोली जाळी ठेवायला मागितली. दिली. त्याने पहिल्याच दिवशी दाराला आतून कडी बसवली.
थर्मामीटर तारेतून सोडवून ओटीवर टांगला. छत्तीस दाखवतो. आधी बिघडला असे वाटले. मग कपाळ पुसले आणि पुन्हा पाहिले. बरोबर असावा.
संध्याकाळी सोफीने मलिदा केला. गोड पोहे, खोबरे, फळे, सगळे रीतसर. माझा धंदा बुडाल्यावर कसला नवस फेडतेस, असे विचारले. म्हणाली, "मी धंद्याचं काही मागितलंच नव्हतं. तुम्ही त्या खोलीतून बाहेर यावं, एवढंच मागितलं होतं."
दार तर तिनेच उघडले होते. मग श्रेय एलियाहू हन्नाबीला का, हा मुद्दा मांडणार होतो. त्याऐवजी मलिदा पुन्हा वाढून घेतला.
एकूण पाहता योजना अगदीच फसली असे म्हणता येत नाही. पनवेलचा माल जूनमध्ये बोटीने परदेशी जातोच आहे. दोन नग. दयारामने उचलला नाही, सोफीने उचलला.