पान ४७ वरची खूण

शनि. ४ जाने.
वाचनालयात जाऊन आले. दोन साड्यांचे फॉल तसेच ठेवून.
मागचं पुस्तक परत केलं. एक माणूस यंत्रात बसून मागल्या काळात जातो, तिथं त्याची आई जिवंत. सहा पानं बोलतो तिच्याशी. काय, तर विश्व, काळ, गती. जेवलीस का म्हणून एकदाही विचारत नाही. असला मुलगा परत आला काय न आला काय.
पान ४७ वर ह्यांची खूण होतीच. आकड्याखाली टिंब, टिंबाला शेपूट. आमच्या वाचनालयात जुन्या वाचकांची एकेकाची अशी खूण असते, तेच पुस्तक परत घरी येऊ नये म्हणून. कोणाची चांदणी, कोणाची फुली. काउंटरवरचे अण्णा ओरडतात, पण पुसत नाहीत. मी ४८ वर पेन्सिलीनं टाक्यासारखी रेघ काढते. ह्यांच्या पाठीमागं.
ह्यांनी वाचलेली आता थोडीच राहिली. मग काय वाचू.

मंगळ. ७ जाने.
वसंतभावजी धारवाडहून आले. बसायच्या आधीच, "वहिनी, सात वर्षं झाली."
मला सांगायला लागतं होय. शनिवारी सकाळी पुस्तक बदलून येतो म्हणून हे गेले. पुस्तकही आलं नाही, हेही नाहीत. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, नवस झाले.
आता ज्योतीचं लग्न. कार्ड छापायचंय, आणि मुलाकडचे विचारतात, वडलांच्या नावापुढं श्री. की कै.? भावजींचं म्हणणं, विधी करून मोकळं व्हावं, मग सरळ कै. घालावं. कन्यादानाला ते आणि जाऊबाई बसतील. भटजींशी बोलून आलेत. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, नारळाचं डोकं, मग अग्नी द्यायचा.
म्हटलं, नारळाला चष्मा कसा बसवणार.
भावजी चहा न घेता गेले.

गुरु. ९ जाने.
राजा, जादूची तलवार, पंखवाला नाग. पुढं नकाशा दिलाय, पण कोण कुठं चाललंय ते लेखकालाच ठाऊक नाही. पन्नास पानांत सोडलं. ह्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचलेलं दिसतंय, मागल्या पुठ्ठ्याला चहाच्या कपाचा डाग आहे. आमच्याच कपाचा.
शास्त्रज्ञ लोखंडाचा माणूस करतो, त्याच्यात जीव येतो, ते पुस्तक बरं होतं. भटजी पानांचा माणूस करतात आणि जाळतात. परवापासून डोक्यातून जात नाही. मशीन मारताना खाली बघवत नाही, पायाशी कापडाच्या चिंध्या पडलेल्या असतात, हातापायांसारख्या.

रवि. १२ जाने.
ज्योती औषधाच्या दुकानातून लवकर आली. भांडायला आली असं वाटलं. भांडली नाही.
"आई, कार्डावर बाबांचं नाव मला पाहिजे. पुढं काय लावायचं ते तू सांग. त्यांच्याकडची माणसं वाईट नाहीत. त्यांना काहीतरी एक पाहिजे, एवढंच."
मलाही तेच पाहिजे म्हटलं. मग दोघी भाजी निवडत बसलो.

मंगळ. १४ जाने. संक्रांत
समोरच्या शांताक्का हळदीकुंकू लावायला आल्या. बोट कुंकवात बुडवलं आणि हात थांबला. बोट लाल, बाई विचारात. म्हटलं, लावा की हो अक्का. लावलं. वाण देताना मात्र माझ्याकडं बघितलं नाही.

शनि. १८ जाने.
नवं पुस्तक आणलं. नवं म्हणजे कोरं. वाचनालयाचा शिक्का मागल्या दिवाळीचा.
गोष्ट अशी, की जगं पुष्कळ आहेत, एकाला एक चिकटून. एकात माणूस सकाळी घरातनं निघतो आणि गाडीखाली सापडतो, दुसऱ्यात चप्पल तुटते म्हणून माघारी येतो आणि वाचतो. बायको दोन्हीकडं तीच. म्हटलं, असं असेल तर कुठल्यातरी जगात माझा प्रत्येक फॉल सरळ बसतोय.
दुपारी चार वाजता पान ४७ आलं. आकड्याखाली टिंब. टिंबाला शेपूट.
पुढं वाचलं नाही. मशीनवर बसले, पाय चालेना.

रवि. १९ जाने.
उजेडात नेऊन बघितलं. पेन्सिलच. ज्योतीला दाखवलं. ती हळूच म्हणाली, "तूच काढली असशील आई. नकळत."
मी तिला नको ते बोलले.
ती गेल्यावर पेपराच्या कडेला काढून बघितली. माझं शेपूट खाली जातं, ह्यांचं उजवीकडं. परत काढली. परत. दहाव्या वेळेला हुबेहूब ह्यांची आली.
पेपर चुलीत घातला.

सोम. २० जाने.
अण्णांना विचारलं, हे पुस्तक माझ्याआधी कोणी नेलं. वहीत कोणी नाही. नवी पुस्तकं आधी काही दिवस टेबलावर ठेवतात म्हणे, कोणीही येतं, बसून वाचतं, जातं. नोंद नाही.
"कोणी चष्मेवाला येत होता काय?"
"अक्का, इथं बिनचष्म्याचं कोण येतं?"
हसायला आलं, आणि हसून झाल्यावर बाकावर बसावं लागलं. कारण हे जिवंत असतील, तर इथंच आहेत. ह्या टेबलाशी बसलेत. घर तिथनं चार गल्ल्या. ह्या पुस्तकांत घरातनं गेलेला माणूस वाटेत अडकलेला असतो, ग्रहावर, भिंतीपलीकडं, कुठल्यातरी काळात. यायची धडपड करतो बिचारा. चार गल्ल्या ओलांडून न येणाऱ्याबद्दल कोणी लिहिलेलं नाही.
त्यापेक्षा नारळाचं डोकं बरं.
लिहिलं खरं. पण खोडत नाही.

बुध. २२ जाने.
छापखान्यात गेलो, मी, ज्योती, भावजी. सगळा मजकूर जुळवून झाला, नावाशी येऊन थांबला. छापणारा पेन कानाला लावून, "एन् हाकली अक्का?" काय घालू म्हणून.
भावजी म्हणाले, कै. घाल.
मी म्हटलं, नाव घाल. नावापुढं एका अक्षराची जागा मोकळी सोड. मी हातानं लिहीन.
"दीडशे कार्डं?" छापणारा.
दिवसाला ब्लाउजची हुकं किती लावते विचार म्हटलं.
भावजी रस्त्यावर येऊन तापले. असलं कार्ड कोणी बघितलंय का, लोक काय म्हणतील. म्हटलं, लोक अक्षता टाकून जेवायला बसतील. पळसाचं काय ते लग्नानंतर बघू. ज्योती रिक्षात माझा पदर धरून बसली होती. लहानपणी धरायची तसा.

शनि. २५ जाने.
कार्डं आली. गुलाबी. ह्यांचं नाव, आणि आधी जागा. दात पडल्यासारखी दिसते.
पुस्तक परत द्यायचा दिवस. शेवट वाचला नाही. शेवटी लेखक त्याला कुठल्या जगात ठेवतो ते मला त्याच्याकडनं कळून घ्यायचं नाही.
४८ वर नाही, ह्या खेपेला ४७ वरच टाका काढला, शेपटाला लागून. एक कार्ड त्या पानात घातलं. अण्णा फळीवर ठेवायला निघाले, मी घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

मंगळ. २८ जाने.
ज्योती विचारते, कधी लिहिणार. कार्डं वाटायची कधी.
शनिवारनंतर, म्हटलं.

शनि. १ फेब्रु.
उघडायच्या आधीच दारात जाऊन उभी राहिले.
पुस्तक टेबलावर नाही. फळीवर नाही. परत आलेल्यांच्या गठ्ठ्यात नाही. खाली वाकून बाकाखाली बघितलं. कार्डही कुठं पडलेलं नाही.
अण्णांनी वही ओढली, चष्मा पुसला, बोट ओळीवरनं खाली आणायला लागले. "बघतो थांबा अक्का, कोणी नेलंय..."
म्हटलं, नको. मिटा वही.
त्यांनी मिटली नाही. बोट ठेवून माझ्याकडं बघत राहिले. मी चप्पल घातली.
घरी आले. ज्योतीनं गठ्ठा मशीनवर आणून ठेवलाय, वर पेन. पेन काढून ठेवलं, पेन्सिलीला टोक केलं, खोडता येतं म्हणून. अकरा वाजले. जिन्यावर पाऊल वाजलं, वरच्या मजल्यावर गेलं.
पहिलं कार्ड उघडून पुढ्यात ठेवलंय.