आबांच्या हेडफोनचा व्हॉल्व्ह

॥ श्री ॥
बोरीवली, ८ जुलै १९६८

चि. चंद्रप्रकाश यास रत्नाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मीराला दिवस गेल्याचं वाचून आनंद झाला. आबांना ती बातमी मी पाटीवर खडूने लिहून दाखवली. पाटीवर का, तेच सांगायला बसले आहे.

तू आबांसाठी केलेला अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला. पुढचे दोन व्हॉल्व्ह लालसर होतात, मागच्या कोपऱ्यातला मात्र काळाच राहतो. स्टेशनजवळच्या हरेश्वर रेडिओवाल्याला दाखवला. तो म्हणाला, हा रेक्टिफायर, बाकीच्या व्हॉल्व्हना वीज पुरवणारा, गेला कामातून. त्यावर ५वाय३ असा नंबर आहे आणि तो त्याच्याकडे नाही. पण ५यू४ आहे. पाय तेच, त्याच खोबणीत बसतो, वर ताकद जास्त, म्हणून लवकर जायचा नाही असं त्याचं म्हणणं. माणूस सरळ आहे. तरी तुला विचारल्याशिवाय नको असं मी म्हटलं.

दुसरं तुला कळवलं नव्हतं. माझ्या घशात गाठी आल्या आहेत. आवाज चढवायचा नाही, नाहीतर तो कायमचा बसेल, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. तिसरीचा एवढा मोठा वर्ग हळू आवाजात कसा सांभाळायचा, ते त्यांनी सांगितलं नाही. निदान घरी आल्यावर माइकपाशी पुटपुटलं तरी आबांना हेडफोनमधून ऐकू जायचं. आता ओरडायचं नाहीतर गप्प राहायचं. गिरणीतल्या मागांनी आबांचे कान नेले, आता माझा घसा चालला. आमच्याकडे आज भाजी कोणती, हे खालच्या मजल्यालासुद्धा कळतं.

लवकर लिही. फार थकले रे. मीराने जड उचलू नये.

तुझी,
रत्नाताई

॥ श्री ॥
जबलपूर, १२ जुलै १९६८

ती. रत्नाताईस चंद्रप्रकाशचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ता हाती पडलं आणि वर्कशॉपातच उत्तर लिहितो आहे. ५यू४ बसवू नकोस. पाय जुळले म्हणजे पत्रिका जुळली असं नसतं. ५वाय३ला तापायला दोन अँपियर लागतात, ५यू४ तीन मागतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये त्यासाठीची तार मी दोनापुरतीच घातली आहे. एक जादा अँपियर म्हणजे ट्रान्सफॉर्मर आतल्या आत भाजत जाणार. शिवाय हा व्हॉल्व्ह पुढे विजेचा दाबही जास्त सोडतो, तो माझ्या कंडेन्सरांना झेपेल की नाही याची खात्री नाही. सुरुवातीला सगळं झकास वाजेल, आणि धोका तिथेच आहे. तारेवरचं वेष्टण जळलं तर वीज पेटीच्या सगळ्या पत्र्यात उतरेल, आणि त्याच पेटीला जोडलेले हेडफोन आबा कानाला लावतात.

५वाय३च मागायचा. पुढे जी किंवा जीटी असेल तरी चालेल, फरक फक्त काचेच्या आकाराचा. इथे मीही शोधतो.

घशाचं इतके दिवस लपवलंस, याचा राग आला आहे. इतक्या लांब बसून रागावण्याला अर्थ नाही, हेही कळतं. मीरा तुला नमस्कार सांगते.

आबांच्या पायांवर डोकं ठेवतो.

तुझा,
चंदू

॥ श्री ॥
बोरीवली, १८ जुलै १९६८

चि. चंद्रप्रकाश यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं, पण मी धीर धरला नव्हता. गेल्या गुरुवारी शाळेत माझा आवाज फुटेचना. मुलं हसली. त्यांचा दोष नाही, मीही हसले असते. घरी येताना हरेश्वरला सांगितलं, बसव बाबा तुझा तो मोठा.

लागला, आणि छान लागला. मी माइकपाशी आबा म्हटलं, तर ते दचकले. मग रेडिओ ऐकत बसले, मान डोलावत. मी भात टाकला तोवर घरात डांबर वितळल्यासारखा वास आला. ट्रान्सफॉर्मरला बोट लावलं तर चटका बसला. मी आधी आबांच्या कानावरून हेडफोन ओढले आणि मग बटण बंद केलं. तू लिहिलेलं सगळं मी त्यानंतर चार दिवसांनी वाचलं.

आबांना मात्र वाटलं, मी वैतागून त्यांचं ऐकणं तोडलं. पाटीवर लिहिलं, जळत होतं. त्यांनी वाचलं आणि पाटी पालथी ठेवली. त्यांना वास येत नव्हता, तपकिरीने नाक कधीच गेलं आहे. त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. जेवतात, ताट धुऊन ठेवतात, खिडकीशी बसतात. मलाही समजूत घालायचं त्राण नाही. दोन माणसांच्या घरात दोघंही मुकी, असा संसार चालला आहे.

हरेश्वर वाईट वाटून दोनदा येऊन गेला. आता एक दुसरा रेडिओवाला सांगतो की व्हॉल्व्ह काढून टाका, सिलिकॉनचे डायोड लावा. मी कोणाचंच ऐकत नाही. तू म्हणशील तेच.

तुम्ही दोघं जपून राहा.

तुझी,
रत्नाताई

॥ श्री ॥
जबलपूर, २३ जुलै १९६८

ती. रत्नाताईस सा. न. वि. वि.

वेळेवर बंद केलंस.

डायोड नकोत. ते बटण दाबताक्षणी पुरा दाब सोडतात, तोही वाढीव. माझ्या जुन्या साहेबांकडच्या एका मोडक्या सेटमधून ५वाय३ मिळाला आहे. वापरलेला आहे, पण इथे तपासून घेतला, चांगला आहे. आमच्याकडचे धोंडिराम पुढच्या आठवड्यात घाटकोपरला भावाकडे जाताहेत, त्यांच्याबरोबर पाठवतो. पत्ता मागे लिहिला आहे. तुला तिथवर जावं लागेल, त्याला इलाज नाही.

व्हॉल्व्ह बसवल्यावर लगेच आबांच्या कानाला काही लावू नकोस. थोडा वेळ नुसता चालू ठेव. मग बंद कर, प्लग काढ आणि ट्रान्सफॉर्मरवर तळहात टेकव. कोमट लागला आणि हात ठेववला, तर ट्रान्सफॉर्मर वाचला. चटका बसला, तर पुन्हा चालू करू नकोस, मी नवा गुंडाळून पाठवीन.

आबांना काही महिने इकडे आणू का? जागा दोनच खोल्यांची आहे, पण होईल. तुझा घसा महत्त्वाचा. तुझ्याशी भांडायला तरी आवाज शिल्लक ठेव.

मीराचा आणि माझा नमस्कार पोचव आबांना.

तुझा,
चंदू

॥ श्री ॥
बोरीवली, ६ ऑगस्ट १९६८

चि. चंद्रप्रकाश व सौ. मीरा यांस अनेक आशीर्वाद. वि. वि.

शनिवारी शाळा सुटल्यावर परस्पर घाटकोपरला गेले. धोंडिरामांनी व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून जपून आणला होता. चहा घ्या म्हणाले, पण बसले असते तर उठवलं नसतं. घरी येऊन तो बसवला, सांगितलंस तसं नुसता चालू ठेवला, मग प्लग काढून हात टेकवला. कोमट होता. हात तसाच ठेवून मी थोडा वेळ उभी राहिले.

आबा बघत होते. हेडफोन मीच त्यांच्या कानांवर चढवले. आता रेडिओ मागतील असं वाटलं. त्यांनी माइक माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, ती तुझी मोठी बाय काय म्हणाली गो?

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. मी घाटकोपरला असताना ते एकटे शाळेत गेले होते. मुख्याध्यापिका वसुधाबाई अजून तिथे होत्या. आबांनी त्यांना सांगितलं की माझ्या पोरीचा आवाज चालला आहे, घरी ती माझ्यासाठी ओरडते आणि इथे पोरांसाठी, घरचं मी बघतो, इथलं तुम्ही बघा. बाई काहीतरी बोलल्या. ओठ हलताना दिसले, ऐकू काहीच आलं नाही, म्हणून हात जोडून निघून आले. चंदू, रस्त्यावर मागून हॉर्न वाजला तर त्यांना कळत नाही. पण मी रागावले नाही.

सोमवारी बाईंना विचारलं. त्यांनी तर आबांना लगेच हो म्हटलं होतं. दिवाळीपर्यंत माझ्याकडे चित्रकला आणि शिवण, तिसरीचा वर्ग दुसऱ्या बाईंकडे. हे त्यांनी आबांना परत परत सांगितलं, पण आबा मान हलवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून विनवायला लागायचे. शेवटी बाईंचेच डोळे भरून आले.

संध्याकाळी घरी येऊन मी हे सगळं माइकपाशी अगदी हळू सांगितलं. जबलपूरचंही विचारलं. तिकडे जायचं नाही म्हणाले. तुम्हा दोघांनी वाईट वाटून घेऊ नये. मग म्हणाले, ती बाय काय म्हणाली ते पुन्हा सांग. ऐकू आलं नाही का, असं मी विचारलं. आलं, म्हणाले, तरी सांग. मी पुन्हा सांगितलं.

बाळंतपणाला दोघंही इकडे या, आम्ही वाट पाहतो आहोत.

तुमची,
रत्नाताई