डिगरी होस्केनचं गाव

फ्रान्सच्या किनाऱ्यासमोर, ९ मार्च १८०१

ती. केझायाताईस, जेबेझचा सा. न. वि. वि.

मी खुशाल. दोन महिने शत्रूच्या बंदरावर पहारा, बिस्किटात किडे, बाकी ठीक.

एक विचारायचंय. आमच्या तोफेवर डिगरी होस्केन म्हणून एकजण आहे. स्वतःला आपल्या पोलपेरोचा म्हणवतो. मी नऊ वर्षं गावाबाहेर, त्यामुळे ओळख पटेना. आईच्या लंगड्या पायापासून सगळं त्याला ठाऊक. पण हा कुणासमोर अंगरखा काढत नाही, दाढीचं नाव नाही, घरचा विषय निघाला की उठून जातो. सगळं पाठ करून आलेला फ्रेंचांचा हेर तर नसेल? तोफेच्या दारूची पिंपं त्याच्या हाताखालून जातात, ताई. हल्ली मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहत नाही. लवकर कळव.

तुझा जेबेझ


पोलपेरो, २८ मार्च

चि. जेबेझ यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाच आणि जाळ. डिगरी तापाने गेला, त्याला दोन वर्षं झाली. त्याला कफन मी शिवलं. तुझ्या तोफेवर आहे ती त्याची बायको, टॅमसिन. सासऱ्याने तिला म्हाताऱ्या चक्कीवाल्याच्या गळ्यात बांधायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, त्यापेक्षा समुद्र बरा. तिचे केस मी कापले, डिगरीची विजार मी दिली. तुला आधी कळवलं नाही, कारण तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आता मात्र भिजव. चौकशा बंद कर आणि तिच्याशी नीट वाग.

तुझी ताई


समुद्रावरून, १७ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी रसद घेऊन आलेल्या होडीतून मिळालं. मी रविवारीच माझा संशय कप्तानसाहेबांच्या कानावर घातला होता. गावाकडच्या एका खलाशाने डिगरी मेल्याचं सांगितलं, आणि मला राहवलं नाही.

साहेबांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. हेर म्हटल्यावर फाशीच. तेव्हा तिने आपण कोण ते सांगितलं. चौदा महिने, दोन लढाया. गेल्या हिवाळ्यात दोर तुटून तोफ मागे सुटली तेव्हा आमच्या तोफवाल्याला तिनेच ओढून बाजूला केलं होतं. तो टोपी काढून उभा राहिला, मग एकेक करत सगळे. मी खाली बघत होतो.

ज्या होडीतून तुझं पत्र आलं, तिच्यातूनच तिला परत धाडलं. शिडी उतरताना ती माझ्यापाशी थांबली. विचारलं एवढंच, "केझायाने सांगितलं?"

मी म्हटलं, नाही, मीच.

"मग बरं," म्हणाली, आणि उतरली.

ती तुझ्याकडेच येईल. सासऱ्याच्या हाती लागू देऊ नकोस. लोभ असावा, असं लिहायला आज हात धजत नाही.

जेबेझ